जंताच्या अंड्यांची मोजदाद

नागपूरच्या नेहरू मार्गावरची 'नीरी' म्हटले की आज लोकांना हवेचे प्रदूषण, ताजमहालाभोवतीच्या कारखान्यांचा धूर, नद्यांच्या पाहण्या आणि पर्यावरणाचे जाडजूड अहवाल आठवतात. वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने १९५८ मध्ये ही संस्था सुरू केली तेव्हा तिच्या नावात पर्यावरण हा शब्दच नव्हता. 'केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्था' हे तिचे मूळ नाव. 'राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था' हे आजचे नाव तिला १९७४ मध्ये मिळाले. पहिल्या सोळा वर्षांत तिच्या इंजिनिअरांपुढचे प्रश्न साधे होते. गावची विहीर शुद्ध कशी ठेवायची, शहराचा मैला कुठे सोडायचा, आणि त्या मैल्याच्या पाण्यावर शेती करणाऱ्या माणसाच्या पोटात काय जाते?

या तिसऱ्या प्रश्नाचा इतिहास फारसा कोणी सांगत नाही. संस्थेच्या कामगिरीच्या यादीत तो एखाद्या ओळीत उरकला जातो. तरीही नागपूरच्या या प्रयोगशाळेने जगाला दिलेल्या मोलाच्या गोष्टींत त्याची जागा फार वरची आहे.

स्थापनेच्या काळात देशापुढे १९४६ चा भोर समितीचा अहवाल होता. खेड्यातल्या आजारपणाचे मूळ पाण्यात आणि उघड्यावरच्या मैल्यात आहे, हे त्यात स्पष्ट मांडलेले होते. पण उपाय सांगणारे अभियांत्रिकीचे ज्ञान बहुतेक थंड देशांतले. लंडन किंवा बर्लिनच्या सांडपाण्यासाठी ठरवलेली मापे विदर्भातल्या मे महिन्यात कशी लागू पडणार? यंत्रे आयात करावी लागत, वीज बेभरवशाची, आणि यंत्र बिघडले तर दुरुस्त करणारा माणूस तालुक्याच्या गावीही मिळेलच असे नाही. म्हणून संस्थेने पहिल्यापासून स्वस्त, कमी यंत्रांच्या आणि इथल्या उन्हाचा फायदा घेणाऱ्या पद्धतींवर भर दिला. अहमदाबाद, मुंबई, कलकत्ता, दिल्ली, कानपूर, हैदराबाद, जयपूर, मद्रास अशा शहरांत तिची विभागीय केंद्रे उघडली आणि पाहणीचे नमुने देशभरातून येऊ लागले.

या काळातले संस्थेचे सर्वांत ओळखीचे काम म्हणजे दोन मडक्यांचा क्लोरिनेटर. वैद्यकीच्या विद्यार्थ्याला सामाजिक वैद्यकाच्या पेपरात आजही त्याची आकृती काढावी लागते. एका मडक्यात दुसरे, थोडे लहान मडके. दोन्हींना सुमारे एक सेंटिमीटरचे एकेक भोक. आतल्या मडक्यात एक किलो ब्लीचिंग पावडर आणि दोन किलो जाडी वाळू, किंचित ओली करून भरायची. बाहेरच्या मडक्याचे तोंड प्लॅस्टिकने बांधायचे आणि दोराने ते विहिरीत पाण्याखाली किमान एक मीटर सोडायचे, म्हणजे घागरी-बादल्यांचा धक्का लागत नाही. सुमारे साडेचार हजार लिटर पाणी असलेल्या आणि दिवसाला ३६० ते ४५० लिटर उपसा होणाऱ्या घरगुती विहिरीला ही जोडी दोन-तीन आठवडे पुरते. एकाच मडक्यातून क्लोरिन भसकन बाहेर पडे आणि पाण्याला उग्र वास येई. मग बायका त्या विहिरीचे पाणी टाळून दुसरीकडे जात. दुसऱ्या मडक्याने तो वेग आवरला. कुंभाराच्या भट्टीतून मिळणाऱ्या वस्तूत बसवलेली ही विचारपूर्वक केलेली अभियांत्रिकी होती.

क्लोरिनने पटकी आणि विषमज्वराचे जंतू मरतात. जंतांची अंडी मात्र मरत नाहीत. पिण्याच्या पाण्यात चालेल एवढ्या मात्रेला ती दाद देत नाहीत. त्यांचे कवच इतके चिवट असते की मोठ्या गोल जंताचे, म्हणजे अस्कारिसचे, अंडे ओल्या सावलीच्या मातीत वर्षानुवर्षे जिवंत राहू शकते. एक मादी दिवसाला दोन लाखांपर्यंत अंडी घालते. अंकुशकृमीची रीत वेगळी. त्याचे अंडे ओलसर, उबदार मातीत एक-दोन दिवसांत उबते, अळी निघते आणि अनवाणी पावलाच्या कातडीतून ती शरीरात शिरते. रक्तातून फुप्फुसात, तिथून घशाशी, मग गिळली जाऊन आतड्यात. तिथे ती भिंतीला चिकटून रक्त पिते. हा प्रवास अर्थर लूस या शास्त्रज्ञाला कैरोत एका अपघातातून उमगला. अळ्या असलेले पाणी हातावर सांडले, कातडी खाजली आणि काही आठवड्यांनी त्यांच्याच विष्ठेत अंडी सापडली.

पाय अनवाणी, माती ओली आणि मातीत मैला. या तीन गोष्टी रोजच्या रोज एकत्र येणारी जागा म्हणजे सांडपाण्यावरची शेती. तो काळ अशा शेतीचा होता. शहराचे मैलापाणी गावाबाहेरच्या शेतांत सोडायचे, त्यावर चारा, भाजी, नारळ पिकवायचे. पाणी फुकट, खत फुकट. पालिकेलाही सोय, कारण नदीत सोडण्यापूर्वी ते थोडेफार गाळले जाते. उत्पन्नाचे आकडे उत्साहाने छापले जात. त्या चिखलात पोटरीपर्यंत उभे राहून पाटाचे बांध फोडणाऱ्या मजुराचा हिशेब मात्र कोणी ठेवलेला नव्हता.

तो संस्थेने ठेवला. के. पी. कृष्णमूर्ती, एम. के. अब्दुलप्पा आणि ए. के. अन्वीकर यांनी सांडपाण्याच्या शेतांवरच्या मजुरांच्या विष्ठेचे नमुने तपासले. तुलनेसाठी मैलापाण्याशी संबंध नसलेल्या लोकांचेही घेतले. दोन्ही गटांत प्रत्येकी चारशेहून अधिक माणसे होती. १९७३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मजुरांपैकी सुमारे ७० टक्क्यांच्या पोटात अंकुशकृमी होते, तर तुलनेच्या गटात सुमारे ३३ टक्क्यांच्या. मोठा गोल जंत मजुरांत सुमारे ४७ टक्के, इतरांत सुमारे १३ टक्के. रक्तक्षयही मजुरांत जास्त आढळला.

या आकड्यांची ताकद तुलनेच्या गटात आहे. आपल्याकडे जंत सगळ्यांनाच असतात, असे म्हणून विषय संपवणे त्या काळी सहज शक्य होते. ते खोटेही नव्हते. तुलनेच्या गटातही तिघांमागे एकाला अंकुशकृमी होतेच. पण गरिबी आणि हवामान सारखे असताना मैलापाण्यात उभे राहण्याने किती भर पडते, हे नेमके वेगळे काढून दाखवले ते या अभ्यासाने. आणि हे एका अभियांत्रिकी संस्थेने केले, याचे महत्त्व त्याहून मोठे. वैद्यकीय महाविद्यालयाने तो शोध लावला असता तर उत्तर आले असते गोळीचे. इथे प्रश्न विचारला गेला तो पाण्याला: शेतात पोचण्याआधी यातली अंडी काढता येतील का?

त्यामागे किती कष्ट असतील, याची कल्पना प्रयोगशाळेत काम केलेल्यालाच येईल. मजुराला नमुना द्यायला तयार करायचे, डबी गोळा करायची, ती खराब होण्याआधी पोचवायची, गाळून, फिरवून, तळाचा थेंब काचपट्टीवर घेऊन एकेक अंडे ओळखायचे. अंकुशकृमीचे पातळ कवचाचे, अस्कारिसचे खडबडीत, चाबूककृमीचे दोन्ही टोकांना बूच लावल्यासारखे. दुर्गंधीचे, किळसवाणे आणि कोणाच्याही कौतुकाला न येणारे हे काम प्रयोगशाळा-सहायकांनी नेटाने केले. त्यांची नावे शोधनिबंधांच्या शीर्षकाखाली आली नाहीत. त्यांची आठवण ठेवायलाच हवी.

पाण्यातली अंडी काढण्याचा उपाय संस्थेत तोवर आकार घेत होताच. त्याचे नाव स्थिरीकरण तलाव, इंजिनिअरांच्या बोलीत 'ऑक्सिडेशन पाँड'. जमीन उकरून केलेले उथळ तलाव, एकातून दुसऱ्यात वाहणारे. वर ऊन, पाण्यात हिरवे शेवाळ. शेवाळ प्राणवायू सोडते, जिवाणू त्यावर मैला खातात, आणि पाणी दिवस-दिवस निवांत पडून राहते. पंप नाही, पंखा नाही, वीज नाही. एस. जे. अर्सीवाला, जे. एस. एस. लक्ष्मीनारायण आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० मध्ये भारतातल्या अशा तलावांची रचना, बांधणी आणि देखभाल यांवर संस्थेतर्फे पुस्तक प्रसिद्ध केले. पुढे अनेक पालिकांच्या इंजिनिअरांच्या टेबलावर ते दिसत असे.

लक्ष्मीनारायण आणि अब्दुलप्पा यांनी या तलावांचा जंतांवर काय परिणाम होतो, याचाही वेगळा अभ्यास केला. अंडी पाण्यापेक्षा जड असतात, सावकाश खाली बसतात. पुरेसा वेळ मिळाला तर तलावाच्या तळच्या गाळात अडकतात. गोल जंताचे अंडे जड म्हणून आधी बसते. अंकुशकृमीचे हलके, शिवाय प्राणवायू असलेल्या पाण्यात ते उबून अळी सुटते आणि ती पाण्याबरोबर पुढे जाऊ शकते. त्यामुळे एक तलाव पुरत नाही, तलावांची मालिका लागते आणि मुक्काम लांबवावा लागतो. ज्या दोषासाठी हे तलाव हिणवले जात, म्हणजे जागा फार आणि वेळ फार, तोच वेळ जंतांच्या बाबतीत कामाला येत होता.

तलावाला एक पथ्य मात्र काटेकोर पाळावे लागते. काठावरचे गवत आणि पाणवनस्पती वेळच्या वेळी काढल्या नाहीत तर डास होतात, आणि मैलापाण्यात वाढणारा क्युलेक्स हाच हत्तीरोगाचा वाहक. नागपूर-वर्ध्याच्या पट्ट्यात हा धोका पुस्तकी नव्हता. हत्तीपायाचे रुग्ण इथल्या गावागावांत होते. नागपूरपासून साधारण पाऊणशे किलोमीटरवर, सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत बी. सी. हरिनाथ आणि त्यांचे विद्यार्थी याच रोगाच्या रक्तचाचण्यांवर काम करत होते. १९८४ मध्ये त्यांच्या चाचणीची प्रत्यक्ष क्षेत्रातली पडताळणी जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत छापून आली. हा सूक्ष्म जंत रात्रीच रक्तात फिरतो, म्हणून रात्री घरोघर जाऊन रक्त घ्यावे लागे. दिवसाच्या रक्तावर निदान करता यावे, ही त्या धडपडीमागची एक मोठी प्रेरणा होती. एका बाजूला डास होऊ न देणारी अभियांत्रिकी, दुसऱ्या बाजूला डासाने दिलेला जंत ओळखणारे जीवरसायन. विदर्भाच्या एका कोपऱ्यात दोन्ही कामे एकाच काळात चालू होती.

कमी यंत्रांच्या अशा कामाची वाट पुढे देशाबाहेरही गेली. आफ्रिकेशी संस्थेचे थेट नाते जुळले ते वाळूमुळे.

१९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात नेदरलँड्समधल्या सामूहिक पाणीपुरवठ्याच्या आंतरराष्ट्रीय केंद्राने मंदगती वाळू-गाळणीचा प्रकल्प हाती घेतला. भारत, थायलंड, कोलंबिया आणि जमैका यांच्याबरोबर घाना, केनिया आणि सुदान हे आफ्रिकी देश त्यात होते. भारतातले काम नीरीकडे आले. ही गाळणी जुनीच, एकोणिसाव्या शतकातली. सुमारे मीटरभर जाडीचा वाळूचा थर, त्यातून पाणी तासाला दहा-वीस सेंटिमीटर एवढ्याच वेगाने खाली उतरते. काही दिवसांत वाळूच्या पृष्ठभागावर सूक्ष्मजीवांची पातळ साय धरते आणि तीच खरी गाळणी. जिवाणू तिथे खाल्ले जातात, अमिबाच्या गाठी आणि जंतांची अंडी अडकतात. पाणी मुरेनासे झाले की वरचा एक-दोन सेंटिमीटर थर फावड्याने खरवडायचा. गावातला कोणीही हे शिकू शकतो.

पाश्चात्त्य पुस्तकांत एक गृहीत होते: गाळणी चोवीस तास चालेल. आपल्या खेड्यात पंप चालतो तो वीज असेल तेव्हा आणि पंपवाला असेल तेव्हा. आर. परमशिवम आणि व्ही. ए. म्हैसाळकर यांच्या गटाने नागपुरात नेमके हेच तपासले. रात्री गाळणी बंद ठेवून सकाळी सुरू केली की काही तासांनी बाहेर पडणारे पाणी बिघडते, कारण सायीतल्या जिवांना ताजे पाणी आणि प्राणवायू मिळत नाही. मग त्यांनी सुचवले की पंप बंद झाला तरी बाहेरचा झडप-मार्ग उघडाच ठेवा. साठलेले पाणी हळूहळू कमी होणाऱ्या वेगाने मुरत राहील आणि साय जिवंत राहील. जनित्र नको, रात्रपाळीचा माणूस नको. घानातल्या किंवा सुदानमधल्या खेड्याची अडचण हीच होती, त्यामुळे नागपूरचे उत्तर तिकडेही लागू पडणारे होते.

भारतात या प्रकल्पाची प्रात्यक्षिके चार गावांत उभी राहिली. आंध्रात पोथुनुरू, हरियाणात अबूबशहर, तमिळनाडूत कामयगौंडनपट्टी आणि महाराष्ट्रात नागपूर जिल्ह्यातले बोरुजवाडा. संस्थेच्या दारापासून थोड्याच अंतरावरचे हे गाव परदेशी अहवालांच्या पानांवर पोचले. गाळणी बांधून देण्याबरोबर गावकऱ्यांना तिची देखभाल शिकवणे आणि पाण्याबद्दल आरोग्यशिक्षण देणे हाही प्रकल्पाचा भाग होता. त्या काळी तेवढा विचारही दुर्मीळ होता.

पाण्यातूनच पसरणारा आणखी एक जंत त्याच दशकात देशापुढे होता: नारू. पायाच्या फोडातून हातभर लांबीचा जंत काडीला गुंडाळत रोज थोडा थोडा ओढून काढताना पाहिलेली माणसे महाराष्ट्रात अजून आहेत. पायऱ्यांच्या विहिरीत उतरून पाणी भरायचे, फोड पाण्यात बुडायचा, अळ्या सुटायच्या, सायक्लॉप्स नावाचा पाण्यातला बारीक जीव त्या गिळायचा आणि तेच पाणी दुसरा कोणी प्यायचा. नारूवर औषध नव्हते, लसही नव्हती. विहिरीला कठडा, हातपंप, पाणी गाळायचे फडके आणि घरोघरचा शोध, अशा उपायांवर भारताने तो संपवला. शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानात आढळला आणि २००० मध्ये देश नारूमुक्त जाहीर झाला. आफ्रिकेत चाड, दक्षिण सुदान, माली अशा देशांत तीच लढाई नंतरही चालू राहिली, त्याच साधनांनी. औषधाविना केवळ पाण्याच्या व्यवस्थेने जंत हटवता येतो, याचा यापेक्षा ठळक दाखला नाही.

नीरीच्या १९७३ च्या अभ्यासाची जागतिक दखल एका तपानंतर घेतली गेली. सांडपाण्याच्या फेरवापराचे नियम तोवर जिवाणूंच्या संख्येवर उभे होते आणि इतके कडक होते की गरीब देशांत ते पाळलेच जात नसत. १९८५ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या एंगेलबर्ग इथे तज्ज्ञ जमले. पुढच्या वर्षी हिलेल शुव्हल आणि सहकाऱ्यांचा अहवाल जागतिक बँकेने छापला. शेतमजुरांना मैलापाण्यातून होणाऱ्या रोगांत सर्वांत मोठा धोका जंतांचा, असे त्यांनी मांडले आणि पुराव्यात भारतातल्या या मजुरांचे आकडे ठळकपणे होते. १९८९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने नवी मर्यादा घातली: शेतीला द्यायच्या पाण्यात लिटरमागे जंताचे एकाहून अधिक अंडे नको. ती गाठायचा सोपा मार्ग म्हणूनही तलावांची मालिकाच सुचवली गेली. १९९२ मध्ये डंकन मारा आणि सहकाऱ्यांनी किती दिवसांच्या मुक्कामात किती टक्के अंडी बसतात याचे सूत्र मांडले, तेव्हा त्यांची आकडेवारी तीन देशांतून आलेली होती: ब्राझील, केनिया आणि भारत.

औषधांची बाजूही त्यानंतर पुढे सरकली. केनियाच्या बुसिया भागातल्या ७५ शाळांत १९९८ पासून जंतनाशक गोळ्या देऊन मायकेल क्रेमर आणि एडवर्ड मिगेल यांनी दाखवले की मुलांची गैरहजेरी घटते आणि गोळी न घेतलेल्या शेजारच्या मुलांनाही फायदा होतो. युगांडात एंटेबे इथे सुमारे अडीच हजार गरोदर स्त्रियांवर चाचणी झाली. आईचे जंत काढले तर बाळाला हिवतापासारख्या आजारांपासून संरक्षण मिळेल, ही आशा तिथे खरी ठरली नाही. हिवताप आणि अंकुशकृमी दोन्ही रक्त खातात, दोन्ही एकाच घरात नांदतात, पण एकाला हटवले म्हणून दुसरा जात नाही. गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात काम करणाऱ्या कोणत्याही आरोग्यसेविकेला हे अनुभवाने ठाऊक असते. भारतात २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळला जातो आणि शाळा-अंगणवाड्यांत अल्बेंडाझोल दिले जाते. २०१९ च्या जानेवारीत हत्तीरोगावर एकाच वेळी तीन औषधे देण्याची नवी पद्धत देशातल्या ज्या पहिल्या काही जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत नागपूर होता.

गोळीने पोट साफ होते, माती होत नाही. तीच माती, तोच पाट असेल तर काही महिन्यांत जंत परततात. म्हणून १९७३ चा प्रश्न जुना झालेला नाही. नाग नदी शहराचा मैला घेऊन आजही पूर्वेकडे वाहते आणि काठावरचे शेतकरी त्या पाण्यावर भाजी व चारा पिकवतात. भांडेवाडीच्या केंद्रात बरेचसे पाणी शुद्ध होते आणि त्यातले मोठे प्रमाण कोराडीच्या वीज केंद्राकडे जाते, ही मोठीच कमाई आहे. पण सांडपाणी शुद्धीकरण केंद्रांसाठी केंद्र सरकारने २०१७ मध्ये अधिसूचित केलेल्या मानकांत आम्लता, जैविक प्राणवायूची गरज, तरंगता गाळ आणि विष्ठाजन्य जिवाणू मोजायला सांगितले आहेत. जंतांची अंडी त्या यादीत नाहीत. ती मोजायला सूक्ष्मदर्शक, सेंट्रिफ्यूज आणि हाताखाली शिकलेला सहायक लागतो. तिन्ही गोष्टी नेहरू मार्गावर साठ वर्षांपूर्वी होत्या, आजही आहेत. नाग नदीच्या काठावर अनवाणी उभ्या राहणाऱ्या बाईसाठी ती मोजणी मानकात यावी, असा आग्रह धरण्याचा अधिकार या संस्थेइतका दुसऱ्या कोणाला नाही. तिने तो धरावा.